नांगराला खापऱ्या लागणारं रान प्लॉटिंगला जाण्याआधी

प्रश्न मोहोळ तालुक्यातून आलाय. सीनेच्या काठी घरचं अकरा एकर रान आहे आणि त्यातलं रस्त्याकडचं पाच एकर प्लॉटिंगसाठी द्यायचं बोलणं सुरू आहे. नेमक्या याच पट्ट्यात एक उंचवटा आहे, त्याला गावात पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, म्हणतात. नांगरट केली की तिथं खापऱ्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, राखाडी माती आणि कधीतरी हातभर लांबीची वीट वर येते. घेणाऱ्या पार्टीचा इंजिनिअर म्हणतो, दोन दिवसांत जेसीबी लावून सगळं एका लेव्हलला आणतो. घरातल्या मुलीनं विचारलंय की त्याआधी चाचणी चर, म्हणजे खाली काय आहे ते तपासायचे लांबट खड्डे, मारून घ्यावेत का, ते कोण मारतं, त्यानं रान खराब होतं का, आणि काही सापडलं तर सरकार जमीन घेईल ही घरातल्या थोरल्या अण्णांची भीती कितपत खरी आहे.

चर मारून घ्या. मात्र स्वतः मारू नका, आणि लेआउटचा नकाशा मंजुरीला जाण्याआधी मारून घ्या. भीमा आणि सीनेच्या खोऱ्यात मी बरीच वर्षं सर्वेक्षण आणि उत्खननाचं काम करतोय, आणि वेळ चुकली की काय होतं ते जवळून पाहिलंय. नकाशा मंजूर झाला, प्लॉटचं टोकन घेऊन झालं, की जमिनीखाली जे काही निघेल ते सगळ्यांनाच नकोसं होतं. मालकाला नको, घेणाऱ्याला नको, ज्यांनी टोकन दिलं त्यांनाही नको. मग ते रात्रीत उचललं जातं. तेच सहा महिने आधी कळलं असतं, तर रस्ता थोडा सरकवून भागलं असतं.

चाचणी चर वस्तू शोधायला मारत नाहीत. चरानं तीनच गोष्टी कळायला हव्यात: जमिनीखाली माणसाच्या वस्तीचे थर शाबूत आहेत का, ते किती खोलीवर सुरू होतात, आणि कुठपर्यंत पसरलेत. चर चांगला झाला की नाही हे त्यातून काय निघालं यावर ठरत नाही, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली का यावर ठरतं. काहीच निघालं नाही, पण मुरमापर्यंतचे सगळे थर मोजून, फोटो काढून, नकाशावर बसवून ठेवले, तर तो चर पूर्ण यशस्वी.

आता परवानगीचं. इंग्लंडमध्ये १९९० पासून ही चौकशी बांधकाम परवानगीच्या प्रक्रियेतच बसवलेली आहे. जमिनीखाली काही असण्याची शक्यता असेल तर स्थानिक प्राधिकरण आधी मूल्यमापन मागतं आणि खर्च बांधणारा करतो. आपल्याकडे साध्या शेतजमिनीच्या बिगरशेतीला अशी सरसकट अट नाही. मोठ्या धरणांच्या वेळी काम झालेलं आहे. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणारं नागार्जुनकोंडा हे प्राचीन बौद्ध केंद्र १९५४ ते १९६० या काळात खणून काढलं आणि तिथली महत्त्वाची बांधकामं उचलून वर नेली. पण पाच एकराच्या प्लॉटिंगसाठी कुणी आपणहून येत नाही, कुणीतरी बोलवावं लागतं. आणि बोलवायचं म्हणजे रीतसर. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे संरक्षित नसलेल्या जागेवरसुद्धा राज्य सरकारला पुरातत्त्वीय उत्खनन करायचं किंवा कुणाला करू द्यायचं असेल, तर केंद्राची पूर्वमान्यता लागते. त्यामुळे ओळखीतला कुणी इतिहासप्रेमी चार मजूर घेऊन आला आणि म्हणाला की बघू या काय निघतंय, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. विहीर खणणं, पाया खणणं हा तुमचा हक्क आहे. पुरातत्त्वासाठी खणणं हे परवान्याचं काम आहे.

रीतसर वाट अशी आहे. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या पुणे विभागाच्या सहायक संचालकांना पत्र द्या आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. पत्रात गट नंबर, सातबारा, गटनकाशा, उंचवट्याचे फोटो आणि जमिनीचं काय करायचं ठरलंय ते लिहा. सोलापूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्वाचा विभाग आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. त्यांना जागा पाहायला बोलवा. जागा नुसती पाहायला, वरून खापऱ्यांची नोंद घ्यायला, विहिरीचा काठ तपासायला उत्खननाचा परवाना लागत नाही. आणि खरं सांगायचं तर निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

कारण तुमच्या रानात चर आधीच मारलेले आहेत. विहीर आहे, शेजाऱ्याचं शेततळं आहे, पाइपलाइनचा पाट आहे, ओढ्याची तुटलेली दरड आहे. कुणी तज्ज्ञ आला की त्याला आधी विहिरीवर न्या. बांधकाम न केलेल्या विहिरीचा वरचा पुरुषभर भाग म्हणजे फुकटात मिळालेला सेक्शन, मातीचे थर दाखवणारा उभा काप. तिथं काळ्या मातीत राखेचा पट्टा दिसतोय का, आडवी चुन्याची रेघ दिसतेय का, खापऱ्या एका पातळीत बसल्यात की इकडेतिकडे विखुरल्यात, हे दहा मिनिटांत कळतं.

दुसरा साक्षीदार म्हणजे ज्वारी. अण्णांना विचारा की पांढरीवरची ज्वारी कुठं आधी वाळते आणि कुठं शेवटपर्यंत हिरवी राहते. जमिनीखाली दगडी भिंत असेल तर तिच्यावरचं पीक खुजं राहतं आणि लवकर पिवळं पडतं. जुना खड्डा, उकिरडा किंवा राखेचा साठा असेल तर तिथलं ताट उंच वाढतं, कणीस भरतं. रब्बीत ओल कमी पडत जाते तसा हा फरक उठून दिसतो. उपग्रहाच्या चित्रांत जुनी वर्षं मागं सरकवून जानेवारी-फेब्रुवारीची चित्रं पाहिलीत तर कधीकधी चक्क चौकोन दिसतात. ज्यांनी चाळीस वर्षं तेच रान केलंय त्यांना हे चित्र न बघताही माहीत असतं. पण त्यांना कुणी विचारत नाही. मी प्रत्येक कामात पहिला दिवस मालकाबरोबर बांधावरून फिरण्यात घालवतो, आणि चरांची पहिली आखणी त्या फेरीतूनच ठरते. बांधावर टाकलेले दगडही बघा. घडीव दगड, जात्याची तळी, झिजलेली वीरगळ हे सगळं नांगराला अडलं म्हणून कुणीतरी उचलून तिथं टाकलेलं असतं, आणि फारसं लांबून आणलेलं नसतं.

आता खापऱ्यांचं. इथं जरा थांबतो, कारण इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. रानात खापऱ्या दिसल्या म्हणजे खाली वस्ती आहे, असं नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या उकिरड्याचं खत रानात गेलंय. घरातली राख, फुटकी मडकी, तुटल्या बांगड्या सगळं उकिरड्यावर, आणि तिथून गाडीनं रानात. त्यातून जुन्या गावठाणाची पांढरी माती खत म्हणून उचलून दुसऱ्याच्या रानात पसरायची रीत होती, आणि माळवदावर घालायलाही तीच माती नेली जायची. त्यामुळे एखाद्या रानात भरपूर खापऱ्या असतील आणि खाली नुसती काळी, कोरी माती असेल. उलटंही होतं. सीना, भीमा यांच्या काठावर पुराचा गाळ साचत गेलेला असतो. खाली दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती असते आणि वर एक खापरी दिसत नाही. म्हणजे वरच्या खापऱ्यांवरून हो किंवा नाही ठरवणं दोन्हीकडून धोक्याचं. त्यासाठीच चर लागतो.

तरीही खापऱ्या बघायच्या कशा ते सांगतो. आकार आणि कडा बघा. खतातून आलेली खापरी नखाएवढी, कडा गोल झालेल्या, पृष्ठभाग झिजलेला. वर्षानुवर्षं कुळवाखाली घोळलेली असते ती. शाबूत थरातून नुकतीच नांगरानं वर काढलेली खापरी तळहाताएवढी असते, कड धारदार, आतला रंग ताजा. अशी खापरी दिसली की समजायचं, नांगर आता थराला लागलाय. बैलाच्या नांगरानं वीतभर माती उलटायची. ट्रॅक्टरचा पलटी नांगर फूटभर जातो, आणि डाळिंबाचे खड्डे दोन-दोन फूट खोल. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या भागात ज्या पांढरी संपल्या त्यातल्या कित्येक अशाच संपल्या, काही कुणी मुद्दाम उकरल्या नाहीत.

चर मारायचे कधी? आपला मुलूख रब्बीचा. पावसाळ्यात बरीच रानं कुळवून मोकळी ठेवलेली असतात, आणि श्रावणात एक चांगली सर येऊन गेली की खापऱ्या धुऊन वर चमकतात. पायी फिरून नोंद घ्यायला तीच वेळ. प्रत्यक्ष चर मात्र ज्वारी निघून कडबा रचला की, फेब्रुवारी ते एप्रिल. पावसाळ्यात काळ्या रानात मशीन घातली तर मशीनही रुतते आणि रानही जातं. उन्हाळ्यात माती दगडासारखी होते आणि रंगातले फरक पुसले जातात, पण त्याला उपाय आहे. फवाऱ्याचा पंप पाठीवर घ्यायचा, सेक्शनवर बारीक पाणी मारायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. राख, जळकी माती, काळी माती प्रत्येक जण आपापल्या गतीनं वाळतो आणि तेवढ्या वेळात थरांच्या रेघा स्पष्ट दिसतात. फोटो तेव्हाच काढायचा.

किती चर? पाच एकर म्हणजे सुमारे वीस हजार चौरस मीटर. त्यातला चार टक्के भाग उघडायचा म्हटलं तर आठशे चौरस मीटर. तीस मीटर लांब आणि दोन मीटर रुंद चर धरला तर तेरा-चौदा चर होतात. दोन टक्क्यांनी कामाचा खर्च निम्मा होतो, पण चरांमधलं अंतर वाढतं, आणि लहान गोष्टी मधूनच निसटतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात जी घरं निघाली त्यातली बरीच जेमतेम पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद होती. असं घर दोन चरांच्या मध्ये आरामात लपून राहतं. म्हणून मी टक्केवारीवर अडून बसत नाही. उंचवट्यावर आणि त्याच्या उताराला चर दाट घेतो, बाकी सपाट रानात विरळ. सगळे चर एकाच दिशेला घेत नाही, एक आडवा तर पुढचा उभा, कारण जुनी भिंत किंवा खंदक चराला समांतर गेला तर तो अख्खाच्या अख्खा चुकतो. आणि काही चर मुद्दाम ‘इथं काही नसणार’ असं वाटतं त्या जागी घ्यायचे. पसारा कुठं संपतो हे तेच सांगतात. उंचवट्याच्या डोक्यावर मात्र लांब चर घेत नाही. तिथं दोन मीटर बाय दोन मीटरचा खड्डा हातानं खणायचा. थर जिथं सगळ्यात जाड तिथं मशीन नको.

मशीनबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुम्ही समोर उभं राहून बघू शकता असं तेच आहे. जेसीबीच्या मागच्या बकेटला दात असतात. दातांनी जमीन उकरली की तळ ओरबाडला जातो आणि काही वाचता येत नाही. दातांवर सपाट पट्टी वेल्ड करून घ्यायची, कुठलाही वर्कशॉपवाला करून देतो. माती बोटभर-चार बोटं जाडीच्या थरांनी काढायची, एकदम नाही. ऑपरेटरनं मागं सरकत खणायचं, म्हणजे उघडलेल्या भागावर चाक जात नाही. पुढचं मोठं लोडर अजिबात वापरायचं नाही, कारण ते ज्या तळाला उघडं करतं त्याच्यावरूनच पुढं जातं. आणि बकेटपाशी सतत एक माणूस, हात वर करून. त्यानं हात वर केला की मशीन बंद. मातीचा रंग बदलला, ओळीत दगड लागले, राख आली की तिथं मशीनचं काम संपलं. पुढं कुदळ, खुरपं, करणी, ब्रश. चांगला ऑपरेटर मिळाला तर काम अर्ध्या वेळात होतं. त्याला आधी शेजारी बसवून काय बघायचंय ते समजावून सांगायला कमीपणा वाटू देऊ नका. मातीचा बदल त्याला लिव्हरवरच्या हाताला आधी कळतो.

मग चर वाचायचा. दोन नमुने सांगतो, तुमच्या रानात यातलाच एखादा निघण्याची शक्यता जास्त.

पहिला असा: वर फूटभर नांगरटीची माती, तिच्यात बारीक खापऱ्या. त्याखाली घट्ट, एकसारखी काळी माती, तीत काही नाही. तीन-चार फुटांवर ती पिवळसर होते, चुनखडीचे पांढरे खडे लागतात आणि मग मुरूम. खापऱ्या नांगराच्या खोलीला थांबल्या. म्हणजे त्या खतातून आल्यात. हा चर बंद करा, नोंद ठेवा, त्या भागात खुशाल रस्ता करा.

दुसरा असा: फूटभर नांगरट झाली आणि खाली मातीचा आवाज बदलला. करणी मारली की आधी ‘टक्’ व्हायचं, आता ती भसकन आत जाते. भुरकट राख, मऊ. तिच्याखाली एक बोटभर जाडीचा चुन्याचा गिलावा, दोन मीटरच्या चरात सलग आडवा, म्हणजे घराची जमीन. गिलाव्यावर खापऱ्या आडव्या पडलेल्या, त्यातल्या दोन शेजारशेजारच्या तुकड्यांच्या कडा एकमेकींत नेमक्या बसतात. एकाच मडक्याचे दोन तुकडे शेजारी सापडले याचा अर्थ ते मडकं तिथंच फुटलं आणि नंतर कुणी हलवलं नाही. मला या क्षणाइतकं समाधान दुसऱ्या कशात मिळत नाही. नाणं सापडलं तरी एवढं वाटत नाही, कारण नाणं कुठूनही येतं. जुळणारे दोन तुकडे ‘थर शाबूत आहे’ याची ग्वाही देतात. असा चर लागला की पुढं खोल जायचं नाही. एका कोपऱ्यात फूटभर रुंदीचा छेद घेऊन थराची जाडी मोजायची, राखेची बादलीभर माती पाण्यात तरंगवून बिया आणि कोळसा गोळा करायचा, आणि तळावर जुनं प्लास्टिक किंवा वाळू अंथरून चर बुजवायचा. चाचणीचं काम तिथं झालं.

बादलीभर राखेला कमी लेखू नका. कोळशाचं वय प्रयोगशाळेत काढता येतं. बियांवरून ते लोक काय पिकवत होते ते कळतं. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचं जव हे मुख्य पीक होतं, हे आपल्याला अशाच जळक्या दाण्यांवरून माहीत आहे. भीमेच्या खोऱ्यातलं घोड नदीवरचं हे गाव डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढं बरीच वर्षं खणलं, आणि महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल आपण जे सांगतो त्यातलं बरंचसं तिथून आलंय.

काळ्या मातीची एक खोड मात्र इथं ध्यानात ठेवावी लागते. उन्हाळ्यात तिला हात-दीड हात खोल भेगा पडतात. वरची बांगडी, कालची प्लास्टिकची चकती, एखादं नाणं त्या भेगेतून खाली जातं, पावसाळ्यात भेग मिटते आणि ती वस्तू जुन्या थरात जाऊन बसते. सेक्शनमध्ये अशा भेगा उभ्या, गडद जिभांसारख्या दिसतात. घुशीची बिळंही तेच करतात. म्हणून एका छोट्या वस्तूवरून थराचा काळ कधीच ठरवायचा नाही. खापऱ्यांचा अख्खा समूह बघायचा. पातळ, लाल, काळ्या रेघांची नक्षी असलेली आणि वाजवली की खणखणणारी खापरी जोर्वे संस्कृतीची, म्हणजे तीन हजार वर्षांपलीकडची. मोठ्या विटा, छपराची कौलं, शिशाची किंवा पोटीन या मिश्रधातूची नाणी म्हटलं की सातवाहन काळ मनात आणावा. जवळच तेर आहे, जुनं तगर, जिथून रोमशी व्यापार चालायचा. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जाऊन एकदा विटा आणि खापऱ्या डोळ्यांखालून घाला, मग आपल्या रानात काय पडलंय ते वेगळंच दिसायला लागतं. काचेच्या बांगड्या मात्र मध्ययुगातल्याही असतात आणि आजीच्याही.

एक कळकळीची सूचना. चरात किंवा पुढं पाया खणताना दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली दिसली, तर हात लावू नका. इनामगावला लहान मुलांची दफनं अशीच, घराच्या जमिनीखाली, दोन कुंभांत केलेली सापडली. ते कुणाचं तरी लेकरू आहे. मशीन थांबवा, वर गोणपाट टाका आणि फोन करा.

रानाचं काय होतं हा प्रश्न रास्त आहे आणि तो कामाआधी लिखापढीत यायला हवा. वरची काळी माती एका बाजूला, खालची पिवळी-मुरमाची दुसऱ्या बाजूला, दोन वेगळे ढीग. बुजवताना खालची आधी, काळी शेवटी. हे दोन ढीग एकत्र झाले तर त्या पट्ट्यात पुढं कित्येक वर्षं पीक पिवळं पडतं आणि तो दोष कुणी भरून देत नाही. ढीग चराच्या काठापासून निदान तीन फूट लांब. कंबरेपेक्षा खोल चरात कुणी उतरायचं असेल तर काठ पायऱ्यांसारखे कापून घ्यायचे. काळी माती सरळ उभी दिसते, पण भेगेच्या रेघेवरून अख्खा पापुद्रा सुटून खाली येतो, आणि खाली वाकून बसलेल्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. संध्याकाळी चराभोवती दोरी बांधायची. रात्री जनावरं सुटतात. विकायचं नसलेलं जे सहा एकर आहे तिथं चर मारायची आत्ता काही गरज नाही, कुणी म्हटलं तरी.

अण्णांची भीती. ती मी समजू शकतो, कारण ती गावोगाव आहे आणि याच भीतीपोटी सगळ्यात जास्त नुकसान होतं. पण वस्तुस्थिती अशी की खापऱ्या आणि राखेचे थर निघाले म्हणून जमीन आपोआप सरकारजमा होत नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून केंद्राला संरक्षित करायची असेल तर आधी जाहीर सूचना काढावी लागते, दोन महिने हरकती घ्याव्या लागतात, मग निर्णय. संरक्षित झाली तर तिच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढं दोनशे मीटरपर्यंत परवानगीनं, हे खरं आहे. पण साध्या पांढरीच्या बाबतीत गोष्ट तिथवर क्वचितच जाते. हंडा, दागिने, नाण्यांचा साठा असं काही निघालं तर ते वेगळं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. कळवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्सा कायद्यात धरलेला आहे. लपवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि शिक्षाही होते. कळवण्यात तोटा नाही, दडवण्यात आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचं उदाहरण अण्णांना सांगा. १९७४ मध्ये तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ब्राँझची शिल्पं लागली. भारताच्या पुरातत्त्वातल्या सगळ्यात मोठ्या शोधांपैकी तो एक. आणि अजून जवळचं सांगायचं तर कुडल. भीमा-सीना संगमावरचं हरिहरेश्वराचं अख्खं देऊळ मातीच्या ढिगाखाली होतं, लोक त्याच्यावरून चालत होते. शेजारच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. तुमच्या सीनेच्याच टोकाला. त्या ढिगावर कुणी सपाटीकरण केलं असतं तर काय गेलं असतं, याचा विचार करून बघा.

आता घेणाऱ्या पार्टीशी बोलायचं कसं. त्यांना इतिहासावर व्याख्यान देऊ नका, नकाशा दाखवा. चार हजार चौरस मीटरच्या वरच्या लेआउटला राज्याच्या विकास नियमावलीप्रमाणे दहा टक्के खुली जागा सोडावीच लागते. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे, त्यातले वीस गुंठे त्यांना मोकळे ठेवायचेच आहेत. ते वीस गुंठे पांढरीवर घ्या. चरांनी पसारा कुठवर आहे ते दाखवलं की हा बदल कागदावर दोन रेघांचा असतो, आणि त्यांचा एक प्लॉटही कमी होत नाही. त्या जागी खोल मुळांची झाडं लावायची नाहीत, पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक खणायचा नाही. वर भर टाकून हिरवळ, लहान झुडपं, मुलांची खेळणी चालतील. उंचवट्याच्या कडेनं रस्ता जाणारच असेल तर खोदून नाही, जमिनीवर कापड अंथरून मुरमाची भर घालून उचलून न्यायचा. गटार आणि केबलचे चर उलट्या बाजूनं. पसारा वीस गुंठ्यांपेक्षा मोठा निघाला तर उरलेल्या भागात पाया खणताना जाणकार माणूस समोर उभा असेल, अशी अट करारात लिहून घ्या.

मशीनचं काम, हातानं साफ करणं, नोंदी, बुजवणं धरून तेरा-चौदा चरांना आठवडा-दीड आठवडा पुरतो. वेळ जातो तो परवानगीत, आणि तो महिन्यांत मोजायचा. म्हणून पत्र या आठवड्यात टाका. इसारपावती आधीच झाली असेल तर खरेदीखताच्या आधी त्यात एक कलम घाला की पाहणी आणि चाचणी होईपर्यंत उंचवट्यावर मशीन जाणार नाही. इंजिनिअरला सपाटीकरणाची घाई असेल तर त्याला उरलेल्या सपाट रानात मोजणी आणि खुंट्या सुरू करू द्या.

तोवर घरात एक करा. आजवर सापडलेल्या खापऱ्या, विटा धुऊ नका, एका डब्यात कोंबूही नका. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाका: गट नंबर, रानाचा कुठला कोपरा, कुठल्या साली, कुठल्या कामात वर आली. जे आठवत नसेल ते लिहायचं नाही. वीट असेल तर तिची लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून पत्राला जोडा आणि फोटोत शेजारी पट्टी ठेवा. पाहणीला येणारा माणूस आधी त्या पिशव्याच मागेल.